डाव्या स्केटखालची पट्टी

स्टाफान तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी स्केट्सना धार लावायचं मशीन बंद केलं आणि काउंटरमागून बाहेर आलो.

मंगळवारची दुपार होती. रिंकवर तो एकटाच होता. टीममधले बाकीचे या वेळी आपापल्या नोकरीवर असतात. एक प्लंबर, दोघं शिक्षक, एक दातांचा डॉक्टर. ऑस्ट्रेलियात आइस हॉकी हा हौसेचा मामला आहे. हॉकी हाच ज्याचा पेशा असा आमच्याकडे एकच माणूस, सीझनपुरता स्वीडनहून आणलेला स्टाफान. वय अडतीस. तो डिफेन्समध्ये खेळायचा, म्हणजे समोरच्याला आपल्या गोलपर्यंत पोचू द्यायचं नाही हे त्याचं काम. एकोणीस वर्षं त्याने तेच केलं होतं. असा माणूस रिकाम्या बर्फावर, कोणी धक्का न देता, वळताना पडत होता. उजवीकडे वळताना नाही. फक्त डावीकडे.

रिंकची मॅनेजर डेब काचेला नाक लावून उभी होती.

"डॉम, रविवारच्या मॅचमध्येही तो दोनदा पडला," ती म्हणाली. "एक गोल त्याच्यामुळे बसला. क्रेग काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बघायला हवा होतास."

क्रेग म्हणजे टीमचा कोच.

"त्याचे स्केट्स जरा चेक करतोस का, मेट?"

"मीच केलेत ते. परफेक्ट आहेत," मी म्हणालो.

हे वाक्य मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

माझी ओळख करून देतो. मी डॉमनिक, वसईचा. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. टूलरूम म्हणजे जिथे साचे आणि डाय बनतात. शेवटची बारा वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. माझी बायको फिलोमिना म्हणते की ती सवय मी घरीही आणली. रिटायर झाल्यावर लेकीने आम्हाला मेलबर्नला, ट्रुगानिनाला बोलावून घेतलं. नातीला स्केटिंगच्या क्लासला सोडायला मी जायचो. रिंकवरच्या दुकानात एक माणूस स्केट्सना धार लावायचा, आणि नुसत्या आवाजावरून मला कळायचं की त्याचं ग्राइंडिंग व्हील ड्रेस केलेलं नाही, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने घासून त्याला नीट आकार दिलेला नाही. तीन आठवडे गप्प बसलो. चौथ्या आठवड्यात बोललो. तो माणूस तसाही नोकरी सोडून निघालाच होता. डेब म्हणाली, "मग तूच कर." तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस मी रिंकवर असतो.

स्केटची धार सुरीसारखी नसते. पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ घासायची असते. तिच्यामुळे दोन कडा तयार होतात. एक पायाच्या आतल्या बाजूची, एक बाहेरची. स्केटर वळतो तो या कडांवर. पन्हळ किती खोल हवी हे ज्याचं त्याने ठरवायचं. स्टाफानला पाच सूत त्रिज्येची लागायची, म्हणजे पाच अष्टमांश इंच. दोन्ही कडा मात्र एका पातळीत हव्यातच.

आता दोन आठवडे मागे जातो. एका मॅचमध्ये पक त्याच्या डाव्या स्केटवर आदळला. पक म्हणजे हॉकीतला चेंडू म्हणा, पण चपटा, कडक रबराचा आणि लागला तर दगडासारखा. पातं ज्या प्लास्टिकच्या चौकटीत बसतं तिला होल्डर म्हणतात. तो तडकला. होल्डर बुटाच्या तळाला रिव्हेट मारून बसवलेला असतो. मी जुने रिव्हेट काढले, होल्डर सोडवला आणि कपाळावर हात मारला. होल्डर आणि तळ यांच्यामध्ये, पायाच्या आतल्या बाजूला, कोणीतरी प्लास्टिकची पातळ पट्टी सारून ठेवली होती. कात्रीने कापलेली, कडा वेड्यावाकड्या. तिच्यावर छापील अक्षरंही होती, म्हणजे कुठल्यातरी डबीचा तुकडा.

अशा पट्टीला आम्ही शिम म्हणतो. काम नीट बसलं नाही की खाली काहीतरी सारायचं आणि वेळ मारून न्यायची. टूलरूममध्ये शिम घालणाऱ्याला मी सगळ्यांसमोर फैलावर घ्यायचो. आणि इथे, मोठमोठ्या लीगमध्ये खेळून आलेल्या माणसाच्या बुटात तोच प्रकार. मी पट्टी कचऱ्यात टाकली, तळ साफ केला आणि नवा होल्डर अगदी सपाट बसवला. स्क्वेअर, म्हणजे गुण्या, लावून पाहिलं. उजेडाची तिरीपसुद्धा दिसेना.

"पहिल्यापेक्षा चांगला झालाय," बूट देताना मी स्टाफानला म्हणालो.

"थँक यू, डॉम," तो म्हणाला.

पट्टीबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

तर, मंगळवारी तो बर्फावरून बाहेर आला आणि माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसला. मी डावा स्केट मागून घेतला. कडा एका पातळीत. पन्हळ बरोबर पाच सूत. होल्डर मध्यरेषेवर. माझा जीव भांड्यात पडला. चूक माझी नव्हती.

"पायाला काही वेगळं वाटतंय का?" मी विचारलं.

"नाही. स्केट्स चांगले आहेत. मीच बिघडलोय."

नंतर मला कळलं की त्याच्या गावच्या क्लबात मुलांना पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावतात. सामान सांभाळणाऱ्या माणसाला खेळाडूने कधी दोष द्यायचा नाही. पडलास तर तू पडलास. त्याचा ब्लेडशी संबंध नाही. म्हणजे इकडे तो तक्रार करत नव्हता आणि तिकडे मी चूक मानत नव्हतो. अशी दोन माणसं समोरासमोर बसली की मशीन कितीही बिघडलेलं असो, रिपोर्ट ओके येतो.

"उद्या क्रेगला सांगणार आहे," तो म्हणाला. "रविवारी मी खेळत नाही. तिकीट बदलून घेतो आणि घरी जातो."

सीझनच्या अजून पाच मॅचेस बाकी होत्या. मी म्हणालो, दोन आठवडे वाईट गेले म्हणून कोणी असं करतं का. त्यावर तो बोलायला लागला. एरवी हा माणूस मोजून चार शब्द बोलणार. त्या दिवशी त्याने मला अख्खं करिअर सांगितलं.

एकोणिसाव्या वर्षी तो गावच्या क्लबातून स्वीडनच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळायला लागला. विसाव्या वर्षी अमेरिकेतल्या एका क्लबाने निवडीच्या कॅम्पला बोलावलं. जायच्या दोन आठवडे आधी घोटा मोडला. अमेरिकेचा फोन पुन्हा आला नाही. पुढे अकरा वर्षं तो गावच्या क्लबातच खेळला, आणि एके दिवशी मॅनेजरने कॉफी पाजून सांगितलं की पुढच्या वर्षी तुला घेत नाही. मग खालच्या लीगमधला क्लब. तिथलं संपलं ते एका फोनवर. मग जर्मनी. तिथे आपल्या जागी दुसऱ्याला घेतल्याचं त्याला क्लबाच्या वेबसाइटवर दिसलं. मग इटली. तिथे तर क्लबच बंद पडला.

"मी एकदाही आपणहून थांबलो नाही, डॉम," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी मला थांबवलं. इथे येताना ठरवून आलो होतो, हा शेवटचा सीझन. शेवटची मॅच खेळायची, बूट काढायचे आणि म्हणायचं, बस झालं. मी म्हणायचं, दुसऱ्या कोणी नाही. एवढंच हवं होतं. आता पायच म्हणतोय, बस झालं."

मला फार वाईट वाटलं. आम्हाला कारखान्यात निदान एक तारीख असते, हार असतो, चार जण बरं बोलतात.

"कुठला घोटा मोडला होता?" मी विचारलं.

"डावा. पण तो पूर्ण बरा झालाय. डॉक्टर म्हणाले होते, डावीकडे पहिल्यासारखं वळता येणार नाही. मी एक अख्खा उन्हाळा रोज सराव केला. सप्टेंबरात वळत होतो."

हे सांगताना तेवढा त्याचा चेहरा उजळला.

मी त्याला म्हणालो, तुझी जुनी जोडी उद्या घेऊन ये. का मागितली हे नीट सांगता येणार नाही. खरं सांगायचं तर माझं काम बरोबर असल्याचा मला आणखी एक पुरावा हवा होता.

बुधवारी सकाळी त्याने जोडी आणून दिली. बूट वापरून मऊ पडले होते, अडीअडचणीसाठी ठेवलेले. तसाच तो क्रेगला भेटायला गेला. मी डाव्या बुटाचा होल्डर आणि तळ यांच्या फटीत टॉर्च मारला. आतल्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ दिसली. रिव्हेट काढले. तीच पट्टी. तीच जागा, तीच अक्षरं.

असली गोष्ट एकदा दिसली तर ती चूक असते. दोनदा, त्याच जागी दिसली तर ते ड्रॉइंग असतं, म्हणजे कोणीतरी मुद्दाम ठरवून केलेलं. हे मी किती नव्या पोरांना शिकवलं असेन. ड्रॉवरमधून मायक्रोमीटर काढून पट्टी मोजली. आतल्या कडेला शून्य पॉइंट आठ मिलिमीटर. तिथून ती कानशीने घासत घासत दुसऱ्या कडेला शून्यावर आणली होती. काय सुरेख हात होता. कात्रीच्या वेड्यावाकड्या कडा होत्या त्या फक्त दोन टोकांना, जिथे मापाशी काही देणंघेणं नव्हतं. मी पहिल्या वेळी तेवढ्याच पाहिल्या. एकतीस वर्षांत एकही वस्तू न मोजता रिजेक्ट केली नव्हती. इथे केली, आणि फेकूनही दिली.

"डेब," मी म्हणालो, "स्टाफानच्या गावच्या क्लबात सामान कोण बघायचं, शोधता येईल?"

"ईमेल टाकते. नो वरीज. पण क्रेग रविवारसाठी दुसरा माणूस बघतोय, हे लक्षात ठेव."

गुरुवारी दुपारी फोन लागला. तिकडे सकाळ होती. लेनार्ट असं त्याचं नाव. रिटायर होऊन तळ्याकाठच्या घरात राहतो. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, एकेक शब्द तपासून पुढे सरकवणारं. मी पट्टीबद्दल सांगितलं.

"डावा बूट? आतल्या बाजूला?" त्याने विचारलं.

"हो."

"तू काढलीस?"

"काढली."



"तू काम कुठे शिकलास?"

"टूलरूममध्ये."

"तरीच," लेनार्ट म्हणाला.

मग त्याने सांगितलं. घोटा जुळला तो किंचित आत झुकून. डावीकडे वळायचं तर डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर भार यायला हवा, आणि तो पाय तिथे पोचायचाच नाही. पोरगा उन्हाळाभर रोज पडायचा. शेवटी लेनार्टने स्नूसच्या डबीचं झाकण कापून, घासून, त्याच्या बुटात घातलं. स्नूस म्हणजे ओठाखाली ठेवायची तंबाखू. आपल्याकडच्या मळलेल्या तंबाखूची चुलत बहीण. पट्टीने बूट केसभर बाहेर कलला. दुसऱ्या दिवशी स्टाफान वळला.

"त्याला वाटलं, सरावाने जमलं," लेनार्ट म्हणाला. "मी वाटू दिलं. विसाव्या वर्षी अमेरिका हातची गेली होती. त्याला काहीतरी स्वतःचं हवं होतं. पुढे दर उन्हाळ्यात नवे बूट घेऊन तो माझ्याकडे यायचा, आणि मी पट्टी घालून द्यायचो. जर्मनीतल्या माणसाने पाहिली, इटलीतल्या माणसाने पाहिली. एकाने मला फोन करून विचारलंही. काढली कोणीच नाही. अठरा वर्षांत तू पहिला."

माझी नजर दुकानातल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली.

"हे बघ," तो म्हणाला, "गुपचूप परत घाल. त्याला सांगू नकोस. खेळाडू आपल्या पायाचा विचार करायला लागला की संपला."

सल्ला अनुभवी माणसाचा होता. शिवाय माझ्या फारच सोयीचा होता. पट्टी आत गेली की माझी चूक कोणाला कधीच दिसली नसती. घरी आल्यावर चहा पिताना मी फिलोमिनाला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती.

"तो तर खेळत नाही म्हणून सांगून बसलाय," ती म्हणाली. "तू पट्टी घालून बूट परत देणार आणि तो ते बॅगेत भरून विमानात बसणार. मग घातलीस कोणासाठी?"

"लेनार्ट म्हणतो, सांगितलं तर त्याचा आत्मविश्वास जाईल."

"तो आता कुठे शिल्लक आहे? आणि तुला त्याच्या आत्मविश्वासाची काळजी आहे की तुझ्या?"

मी मटार सोलायला घेतले.

शुक्रवारी दुपारी स्टाफानला बोलावून घेतलं. पट्टी बाकावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. ही तुझ्या जुन्या डाव्या बुटात होती. अशीच नव्यातही होती. ती मी चूक समजून फेकली आणि तुला विचारलंही नाही. तू पडतोयस तो वयामुळे नाही, माझ्यामुळे. मग लेनार्टने सांगितलेलं सगळं सांगितलं.

त्याने पट्टी उचलली. बोटांनी जाडी चाचपली. वरची अक्षरं वाचली.

"म्हणजे मी बरा झालोच नव्हतो," तो म्हणाला.

ह्याची मी तयारी केली नव्हती. तो माझ्यावर चिडेल, आरडाओरडा करेल, डेबकडे जाईल, या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. ह्याचं नव्हतं. त्याच्या अख्ख्या करिअरमध्ये जी एक गोष्ट त्याने स्वतःच्या जोरावर मिळवली असं तो समजत होता, तीच मी त्याच्याकडून काढून घेतली होती.

"पॉइंट आठ मिलिमीटर लेनार्टचं होतं," मी म्हणालो. "बाकीचं तुझं. मी मोजलंय."

तो हसला नाही. पट्टीकडे बघत राहिला. डेब दारात आली आणि आमचे चेहरे बघून आल्या पावली परत गेली.

"घाल," अखेर स्टाफान म्हणाला.

मी त्याच्यासमोरच नवा होल्डर सोडवला, पट्टी बसवली, रिव्हेट मारले. अर्धा तास लागला. तेवढा वेळ तो माझ्या हातांकडे बघत होता. मग बूट चढवून बर्फावर गेला. पहिलं डावं वळण त्याने हळू घेतलं, चाचपडत. दुसरं थोडं जोरात. तिसऱ्या वेळी तो गोलच्या मागून पूर्ण वेगात आला आणि नुसत्या डाव्या पायावर, बाहेरच्या कडेवर, अख्खा वळसा घालून गेला. कड बर्फात रुतल्याचा आवाज काचेपलीकडे मला ऐकू आला. मला भरून आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. डेबने तिथूनच क्रेगला फोन लावला.

बाहेर आल्यावर स्टाफानने माझा फोन मागितला आणि लेनार्टला लावला. दोघं स्वीडिशमध्ये बोलले. मला एक शब्द कळला नाही, पण सुरुवातीचा आवाज भांडणाचा होता. मग स्टाफान हसायला लागला.

"मी त्याला विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस," फोन परत देताना तो म्हणाला. "तो म्हणतो, तू कधी विचारलंच नाहीस."

तो रविवारी खेळला. पुढच्या चारही मॅचेस खेळला. लेनार्टची भीती अगदीच खोटी नव्हती; पहिल्या मॅचमध्ये डावीकडे वळण्याआधी तो पायाकडे बघत होता, हे मला काउंटरमागूनही दिसलं. दुसऱ्या मॅचपासून बघायचा थांबला. टीम फायनलपर्यंत पोचली नाही. आमची टीम सहसा पोचत नाही.

शेवटच्या मॅचनंतर तो घामाघूम तसाच माझ्या दुकानासमोर येऊन बाकावर बसला आणि नाड्या सोडायला लागला. चेंजिंग रूममध्ये क्रेगने सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं, आणखी एक वर्ष येतोस का.

"ते मला विचारत होते, डॉम," तो म्हणाला. "आणि मी नाही म्हणालो."

इतका खूश मी त्याला कधीच पाहिला नव्हता. हे शेवटचे दोन शब्द त्याने आणखी एकदा म्हणून दाखवले, मी पहिल्यांदा नीट ऐकले नसतील तर म्हणून.

आता कुठल्याही स्केटमध्ये काही वाकडं, तिरकं, ठिगळ लावलेलं दिसलं की मी आधी ते मोजतो आणि मग ज्याचा स्केट त्याला विचारतो. बहुतेक वेळा ते नुसतं कोणाचंतरी वाईट काम निघतं. तरी विचारतो.